पाटीवरची राहिलेली ओळ

७ जानेवारी, मंगळवार

नातीने ही वही दिली. म्हणाली, "आजोबा, रोज चार ओळी लिहीत जा. मी वाचणार नाही, शपथ. फक्त शेवटच्या पानावर आठवड्यातून एकदा 'आज हवा चांगली आहे' एवढं लिहायचं. तेवढंच मी बघीन." हवा कशीही असो, वाक्य तेच. शिकलेल्या माणसांच्या तऱ्हा. मला वाटतं तिला माझी विद्या हळूहळू काढून घ्यायची आहे आणि सरळ विचारायला लाजते.

मी पाचवीत शाळा सोडली, तेव्हा चुका होतील. पेनही गळकं आहे. वही कुठे ठेवावी याचा विचार करण्यातच सकाळ गेली. कपाटात ठेवली तर बायकोच्या हाती लागेल, गादीखाली ठेवली तर मुडपेल.

मी हाडं बसवतो. एकेचाळीस वर्षं झाली. मान, कंबर, खांदा, घोटा. वडिलांनी शिकवलं. ते सांगायचे, आवाज आला की हाड बसलं, आणि आवाज आल्याशिवाय माणसाला सोडायचं नाही. मी कुणाला सोडलेलं नाही.

नात म्हणजे लेकीची मुलगी. बाहेर राहून ऑस्टिओपॅथी शिकून आली. पुरती डॉक्टर आहे, औषधगोळ्या देते, पण आधी हातांनी बघते आणि हातांनीच बरंचसं बरं करते. मी शेजाऱ्यांना सांगितलं, माझंच काम आहे, फक्त परीक्षा देऊन केलेलं. ती हसली. गुरुवारपासून आमच्या पुढच्या खोलीत बसणार. ती माझी खोली. मी आता बोळातल्या बाकावर.

मी विचारलं, "म्हणजे मी बंद?"

म्हणाली, "सध्या फक्त मानेला हात लावू नका कुणाच्या. एवढं ऐका माझं."

दुपारी पेंटर आला. दर मंगळवारी येतो. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्याच्यासारखं अक्षर या भागात कुणाचं नव्हतं. अडीच वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात लोंबतो आणि पाय ओढतो. तरी बाजाराच्या पलीकडून काठी टेकत येतो, तासभर बसतो, चहा पितो, जातो. इतकी माया हल्ली कोण करतं. माझ्या दारावरची पाटी त्याचीच. झटका आला त्याच्या आदल्या दिवशी तो ती नव्याने रंगवत होता. शेवटची ओळ अर्धी राहिली ती राहिलीच. "वेळ : सकाळी ८ ते". पुढे काही नाही. लोक चेष्टा करतात, बुवा, ते कितीपर्यंत?

९ जानेवारी, गुरुवार

नातीचा पहिला पेशंट बेकरीवाला. कंबर धरलेली. अर्धा तास नुसती विचारत होती. काय उचलता, कसे झोपता, पूर्वी कुठे पडला होता का, कधी ऑपरेशन झालंय का. मग त्याला झोपवलं आणि घोटा हातात धरून बसली. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो.

बाहेर आल्यावर तो माझ्या कानाशी म्हणाला, "बुवा, दुखते कंबर आणि पोरगी पाय धरून बसली. कट्‌ असा आवाज नाही की काही नाही. तुम्हीच बघा ना जरा."

मागच्या अंगणात नेलं. कुशीवर घेतला, गुडघा ओलांडून वळवला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. बेकरीवाला खूश होऊन गेला.

आवाज भिंतीपलीकडे गेला असणार. नात हात पुसत आली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आजोबा, तो आवाज कशाचा असतो?"

"हाड जागेवर बसल्याचा."

"नाही हो. सांध्यात पातळ वंगण असतं, त्यातला वायू सुटतो. बोटं मोडल्यावर होतो तोच आवाज. हाड जागचं हललेलंच नसतं."

"मग लोक बरे कसे होतात?"

"बरं वाटतं ते खरंच वाटतं. ताण सुटतो, आखडलेलं अंग काही वेळ सैल होतं. पण तुम्ही सांगता ते कारण खरं नाही."

जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "पोरीने एवढंसं सांगितलं तर एवढं काय मनावर घ्यायचं? मी चाळीस वर्षं सांगतेय ते कधी घेतलं नाहीत."

१४ जानेवारी, मंगळवार

एकेचाळीस वर्षं मी जागच्या हाडांना जागेवर बसवत होतो. हे वाक्य पाच दिवस डोक्यात घुमतंय. इथे लिहिलं म्हणजे जाईल असं वाटलं. गेलं नाही.

पेंटर आला. नेहमीप्रमाणे पाटीकडे बघत बसला. मग म्हणाला, "बुवा, त्या दिवशी मी ज्या स्टुलावर बसलो होतो ते कुठं आहे हो?"

"मोडलं. जळणात गेलं."

"हां. त्या दिवशी तुम्ही इथं दारातच मला बसवलं होतं. ऊन होतं."

दर खेपेला हा त्या दिवसावर येतो. झटक्यानंतर माणसाचं मन एकाच जागी फिरतं म्हणतात. मी त्याला दुखवू नये म्हणून विषय बदलला. मोरीचा नळ गळतो ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. नळाचं मी त्याला बहुतेक दर मंगळवारीच सांगतो.

त्या दिवशी एवढंच झालं होतं की वर बघून रंगवताना त्याची मान भरून आली, डोकंही दुखायला लागलं. मी खाली उतरवून मान मोकळी करून दिली. "उद्या ओळ पुरी करतो" म्हणून गेला. सकाळी न्हाणीघरात पडला. नशीब.

१७ जानेवारी, शुक्रवार

नात म्हणाली, "चला, आजीवर शिकवते तुम्हाला." बायकोला श्वास पुरत नाही, छातीच्या बाजूला दुखतं. नातीने तिला टेबलावर झोपवलं, माझा एक हात पाठीखाली सारला, दुसरा बरगड्यांवर ठेवला.

"दाबू नका. श्वास आत जाताना बरगड्या कशा उघडतात ते बघा. उजवीकडे उघडतात, डावीकडे अडतात. जिथे अडतात तिथे थांबा. तुम्ही काही करायचं नाही, तिला करू द्यायचं."

मला काहीही कळलं नाही. एकेचाळीस वर्षं मी हातांनी सांगत आलो, ऐकायची सवय नाही. शिवाय गारठ्याने उजव्या हाताचं बोट थरथरत होतं.

बायको डोळे मिटून म्हणाली, "तुमचा हात इतका वेळ अंगावर राहिला, पण काही मोडलं नाही. नवल आहे."

मग नातीने माझंच कोपर धरलं आणि सावकाश मिटवलं, उघडलं, पुन्हा मिटवलं. तिची नजर खिडकीबाहेर होती. मग म्हणाली, अंगठ्यावर बोट आपटून दाखवा, भरभर. डाव्याने जमलं, उजव्याने अडखळलं. या कामाला मी लायक आहे की नाही ते बघत असावी. नापास केलं असणार. तोंडावर बोलली नाही एवढंच.

तिने शेवटचं पान बघितलं. दोन वाक्यं झाली आहेत. बराच वेळ बघत होती. शुद्धलेखन चुकलं असेल.

२८ जानेवारी, मंगळवार

आज मी गाढवपणा केला. नातीला स्वतःची पाटी हवी आहे. पेंटर बसला होता, मला वाटलं त्याला बरं वाटेल. म्हटलं, "पेंटर, पोरीची पाटी तूच कर की."

त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला, आजारी मांजर ठेवावं तसा.

"विचारा याला," म्हणाला. "तयार असेल तर मला काय."

मी म्हटलं, डाव्याने जमेल हळूहळू.

"डाव्याने मी जेवतो, बुवा. धुतो. सदऱ्याची बटणं लावतो, त्याला पाव तास लागतो. अक्षर नाही होत. अक्षर याच्यात होतं." आणि मांडीवरच्या हाताकडे बघत राहिला.

नात बाहेर आली तेव्हा म्हणाली, "काका, खांदा आखडलाय तुमचा. मी बघू का? दुखणार नाही."

पेंटर एकदम मागे सरकला, काठी पडली. "नको. मला हात लावायचा नाही कुणी." मग मवाळ होऊन म्हणाला, "तुझं काही नाही, पोरी. मी बुवांकडे येतो, बसायला."

तो गेल्यावर बायकोने मला फैलावर घेतलं. लुळ्या हाताला पाटी सांगतात का म्हणाली. बरोबर आहे तिचं. माझं तोंड माझ्या ताब्यात नाही.

३० जानेवारी, गुरुवार

शिवणकाम करणारी बाई आली होती, मान दुखते म्हणून. मी बाकावर होतो, पडदा अर्धा उघडा होता. नात विचारत होती. चक्कर येते? एकाचे दोन दिसतात? गिळताना अडकतं? बोलताना जीभ जड होते? चालताना तोल जातो? मग विचारलं, "असं पूर्वी दुखलं होतं, की हे काही वेगळंच दुखणं आहे?"

बाई म्हणाली, दर हंगामात असंच दुखतं. सगळ्याला नाही म्हणाली तेव्हा कुठे नातीने हात लावला, तोही खांद्यापासून सुरू करून. झटका नाही, पीळ नाही. बाई जाताना मान वळवून रस्त्याकडे बघत गेली.

मी म्हटलं, मानेसाठी एवढी उलटतपासणी?

तिने स्वतःच्या मानेवर बोट ठेवून दाखवलं. मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून रक्ताची नळी वर मेंदूकडे जाते. तिला आतून चीर पडली तर पहिल्यांदा नुसती मान आणि डोक्याची मागची बाजू दुखते. लोकांना वाटतं मान अवघडली. अशा वेळी मान पिळली तर चीर वाढते, रक्ताची गाठ सुटून मेंदूत जाते. "मग अर्धांग होतं, आजोबा. कधी त्याच दिवशी, कधी दुसऱ्या दिवशी."

मी बरं म्हटलं आणि अंगणात गेलो.

तो म्हणाला होता. स्टुलावर बसताना म्हणाला होता, "बुवा, डोकं मागून असं कधी दुखलं नव्हतं. काहीतरी वेगळंच आहे." मी हसलो होतो. म्हटलं होतं, दिवसभर आभाळाकडे तोंड करून रंगवतोस, दुखेल नाही तर काय.

३१ जानेवारी, शुक्रवार

काही लिहायचं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बायकोला सांगितलं, पेंटर आला तर म्हणावं झोपलेत. पलंगावर पडून ऐकत होतो. तो म्हणाला, "झोपू द्या वहिनी, मी बसतो." तासभर बसला. त्याची काठी फरशीवर एकसारखी वाजत होती. मला खोकला आला तो मी उशीत दाबला. त्याला ऐकू गेला असेल. जाताना म्हणाला, "येतो वहिनी. पुढच्या मंगळवारी आहेच."

बायको म्हणाली, "तुम्ही काय त्याचं घोडं मारलंय का लपायला?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

नातीला विचारलं. म्हटलं, समजा, एक माणूस आहे. त्याची मान कुणीतरी वळवली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला झटका आला. तर तो त्यामुळेच आला का?

ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "आता सांगता येत नाही. कदाचित नळीला आधीच चीर पडलेली असेल, म्हणूनच डोकं दुखत असेल. कुणी हात लावला नसता तरी झटका आला असता, असंही असू शकतं."

माझ्या जिवात जीव आला. तो दोन क्षण राहिला.

"पण तेव्हा हात लावायचा नसतो," ती म्हणाली. "सरळ इस्पितळात पाठवायचं असतं. पाठवलं असतं तर कदाचित वाचला असता हात. तेही नक्की नाही. नक्की काहीच कळणार नाही आता."

"मग काय करायचं?"

"पेंटरकाकांना काय वाटतं, ते कुणी विचारलंय का?"

मी नाव घेतलं नव्हतं.

ती माझ्याकडे अशी बघते की मला कळतं, हिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी चालतो तेव्हा मागून बघते. चहाचा कप उचलताना बघते. हातांवर नजर असते. जणू या हातांनी काय काय केलंय ते मोजते आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पेंटर आला. आज सांगायचं ठरवलं होतं. शर्टाची बटणं लावतानाच घाम फुटला, दोन लागली, एक राहिलं.

तो म्हणाला, "त्या दिवशी ऊन होतं, नाही?"

मी तोंड उघडलं. नळाचं सांगितलं.

तो म्हणाला, "दुरुस्त करा एकदा, बुवा. नळ गळायचा थांबत नसतो आपोआप."

१५ फेब्रुवारी, शनिवार

बेकरीवाला परत आला, नातीकडे. मला म्हणाला, "तुमचं दोन दिवस टिकतं हो बुवा, मग पुन्हा तेच." नातीने त्याचा जुना मुरगळलेला घोटा मोकळा केला, घरी करायला व्यायाम दिला. मला सांगत होती, "घोटा दुखला की माणूस चाल बदलतो, चाल बदलली की कंबर कुरकुरते. अंग एकच असतं, आजोबा. ओरडतं एक, मारलेलं असतं दुसऱ्याला." ती शिकवायला म्हणून सांगत होती. मला वेगळंच ऐकू आलं.

दूध उतू जाऊन जळलं. मी शेजारीच उभा होतो. बायको माजघरातून धावत आली. "नाक गहाण टाकलंत का?" म्हणाली. मला खरंच वास आला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नातीने मोठ्या इस्पितळात नेलं, मेंदूच्या डॉक्टरकडे. मला वाटलं पेंटरचं काही विचारतील, जबाब घेतील. रस्ताभर काय बोलायचं ते घोकत होतो.

त्यांनी पेंटरचं नावही काढलं नाही. मुठी उघडा-मिटा म्हणाले. चालून दाखवा म्हणाले. मागून खांदे ओढले, मी पडता पडता राहिलो. मग म्हणाले, कंपवात आहे. औषधाने आटोक्यात राहतो, जात नाही.

"तुमच्या नातीने पहिल्याच आठवड्यात ओळखलं," डॉक्टर म्हणाले.

तिने सांगितलं, संशय आल्या आल्याच आला होता, कोपर हलवलं तेव्हा हाताला लागलं, दात्यांचं चाक फिरावं तसं अडत अडत. खात्री व्हायची वाट बघत होते. मग पर्समधून मोबाईल काढून तिने माझ्या वहीच्या शेवटच्या पानाचे फोटो दाखवले. आज हवा चांगली आहे. आज हवा चांगली आहे. प्रत्येक ओळ शेवटाकडे जाता जाता बारीक होत गेलेली, आणि प्रत्येक आठवड्याची ओळ आधीच्यापेक्षा लहान.

मी समजत होतो माझी विद्या घेते आहे. मग समजलो माझा गुन्हा शोधते आहे. ती नुसती माझा हात बघत होती.

डॉक्टर म्हणाले, हे कळतं उशिरा, सुरू झालेलं असतं कितीतरी वर्षं आधी.

मी विचारलं, "अडीच वर्षं आधी?"

"असू शकतं."

म्हणजे त्या दिवशी तो हात तरी पुरता माझा होता की नाही, तेही आता कळणार नाही. येताना नातीने दंड धरला होता. सगळ्या रस्त्यावर मी एकाच गोष्टीचा विचार केला, की पेंटरला हे कारण सांगता येईल. मग स्वतःची किळस आली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. जसं झालं तसं लिहितो, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीने आठवीन.

पेंटर बसला. चहा झाला. मी उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. म्हटलं, "पेंटर, त्या दिवशी तू म्हणाला होतास, डोकं असं कधी दुखलं नव्हतं."

त्याने कप खाली ठेवला. "म्हणालो होतो."

"मी ऐकलं आणि तरी मान फिरवली."

"दोनदा."

"दोनदा?"

"पहिल्या वेळी आवाज आला नाही. तुम्ही म्हणालात, थांब, बसलं नाही अजून. मग दुसऱ्यांदा. तेव्हा आला."

हे मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. त्याने म्हटल्याबरोबर माझ्या हातांना आठवलं. त्याची हनुवटी, रंगाचा वास, ताठरलेली मान. दुसऱ्यांदा मी जोर वाढवला होता. आवाज आल्याशिवाय सोडायचं नाही.

मी म्हटलं, "चूक माझी होती. तुझा हात माझ्यामुळे गेला असेल."

तो पाटीकडे बघत होता. "अडीच वर्षं येतोय, बुवा. तुमचा चहा काही एवढा चांगला नसतो."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तर तुम्ही नाही म्हणाला असता. एकदा नाही म्हणालात की मग मी कुठं जायचं? म्हणून बसत होतो. म्हटलं, कधीतरी निघेल यांच्या तोंडून."

मी म्हणायला लागलो, नात सांगते की कदाचित ती नळी आधीच—

"ते तिनं सांगावं," तो म्हणाला. "तुम्ही नका सांगू."

"आणि काढा तो हात मांडीखालून. मला वर्षभर दिसतोय. आयुष्यभर हाताकडे बघून कामं केली मी, कुणाचा ब्रश कुठं हलतो ते कळतं मला."

मी हात काढला. तो मांडीवर थरथरत होता, आणि त्याचा त्याच्या मांडीवर निपचित पडला होता. आम्ही दोघं ते बघत बसलो. मी म्हटलं, "माफ कर मला."

तो उठला. काठी घेतली. म्हणाला, "पाटी उतरवून द्या."

"अरे, पण—"

"माझ्या त्या हाताचं शेवटचं काम आहे ते. तुमच्या दारावर नको मला."

मला खुर्चीवर चढवेना. बायकोने चढून खिळे काढले. तिने एक शब्द विचारला नाही, म्हणजे तिनेही ऐकलं होतं. पेंटरने पाटी डाव्या काखेत मारली, मग काठी धरायला हात उरला नाही. बायको म्हणाली, मी पोचवते. "नको वहिनी," म्हणाला. तो भिंतीला खांदा लावत, काठी पाटीबरोबर काखेत धरून, कोपऱ्यापर्यंत गेला. त्याला खूप वेळ लागला. मी दारात उभा होतो. त्याने मागे बघितलं नाही.

४ मार्च, मंगळवार

खुर्ची बाहेर ठेवली होती. पेंटर आला नाही.

गोळ्यांनी मळमळतं. नात रोज माझे खांदे आणि बरगड्या मोकळ्या करते, श्वास खोल जातो म्हणते. तिचे हात गरम आहेत. अंगाला बरं वाटतं. मला बरं वाटत नाही.

वडिलांना जाऊन तीस वर्षं झाली. त्यांना विचारायचं होतं, तुम्ही कुणाकुणाला दोनदा वळवलं होतं?

११ मार्च, मंगळवार

आला नाही. आज नळवाला येऊन गेला. नळ गळायचा थांबला. घरात फार शांत वाटतं.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी अकरा वाजता काठीचा आवाज आला. मी उठून उभा राहिलो. पेंटर बोळात आला, माझ्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तेवढीच, आणि बाकावर न बसता सरळ पुढच्या खोलीत गेला. नातीने पडदा ओढला.

अर्धा तास ती विचारत होती. तो सगळं सांगत होता. स्टूल, ऊन, डोकं कसं दुखत होतं, किती वेळा वळवलं. दुसऱ्याच कुणाच्या दारावरच्या पाटीबद्दल सांगावं तसं, आवाज न चढवता. माझं नाव एकदाच घेतलं. मग तिने तिला काय वाटतं ते सांगितलं, नळीचं, चिरेचं, आता नक्की कळणार नाही हेही. तो म्हणाला, "बरं."

नात म्हणाली, "काका, खांदा बराच मोकळा होईल. बोटांचं मात्र मी वचन देत नाही."

"नको देऊस."

"आधी खांदा धरते. मग मानेखाली हात ठेवू का? वळवणार नाही. नुसता ठेवीन. नको वाटलं तर नको."

मला वाटलं, आता उठेल, काठी पडेल.

"ठेव," म्हणाला.

सवयीने कान टवकारले. आवाजाची वाट बघत राहिलो. काहीही आवाज आला नाही. नंतर त्याचा श्वास ऐकू यायला लागला, आधी तुटक, मग सावकाश, लांब.

मी आत जाऊन चहा टाकला. दूध जळतं की काय म्हणून वाकून वाकून बघत होतो. दोन कप काढले.

तो कॉलरचं बटण डाव्या हाताने लावत बाहेर आला. नातीला म्हणाला, "पुढच्या गुरुवारी येतो." मग बोळातून, जिथे पाटी होती त्या भिंतीवरच्या फिकट चौकोनाखालून, रस्त्यावर उतरला. मी चहा म्हणायला तोंड उघडलं होतं. कप हातात वाजत होता, तेवढाच आवाज झाला.

एक कप परत फळीवर ठेवला.